सुटणे

'सुटणे' हे मराठीतले मोठे समाधानी क्रियापद आहे. शाळा सुटते, कचेरी सुटते, आणि आमच्या पिंपरी-चिंचवडकडे माणसे कंपनीतून सुटतात. यजमानांची चाकणला पहिली पाळी असली म्हणजे दुपारी बस त्यांना नाक्यावर आणून सोडते आणि दिवस संपतो. मी पहाटे चारला डब्यासाठी उठलेली असते. पुढे कॉलेज, त्यापुढे रात्रीचा स्वयंपाक. पण 'आई स्वयंपाकघरातून सुटली' हे वाक्य इतकी वर्षे निबंध तपासूनही मला कुणाच्या वहीत आढळले नाही.

सुटायचे तर आधी तास मोजावे लागतात. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. चुलीला मात्र ना रविवार, ना मर्यादा! 2024 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा त्यातला रोजचा वेळ सरासरी 289 मिनिटे निघाला, पुरुषाचा 88. म्हणजे बाईचे आठवड्याला जवळजवळ 34 तास. नोकरी असली तर ती वेगळी.

युरोपात तरी निराळे असेल असे वाटते. हॉलंडमध्ये निम्म्याहून अधिक नोकरदार स्त्रिया अर्धवेळ काम करतात, म्हणून तिथे पुरुषच अधिक राबतो असे दिसते. बल्गेरियात अर्धवेळ नोकरी फारशी नाही, तेव्हा दोघांचे तास सारखे दिसतात. पण हे झाले पगाराचे तास. चूल दोन्ही देशांत अधिक करून बाईच्याच वाट्याला! आइसलंडच्या शंभरांतल्या नव्वद बायकांनी 24 ऑक्टोबर 1975 रोजी कचेरी आणि घर, दोन्हींतले काम बंद ठेवले. बापलोक मुलांना घेऊन कामावर गेले, तेव्हा कुठे हे न मोजलेले तास दिसले.

आमचे यजमान घरी आल्यावर भाजी निवडतात. शेजारणी म्हणतात, "किती मदत करतात हो तुम्हाला!" चाकणला जाऊन ते कंपनीला 'मदत' करतात, असे मात्र कोणी म्हणत नाही. जोवर घरच्या कामाला 'मदत' म्हणतात, तोवर ते काम दुसऱ्या कुणाचे तरी असते.

मला त्या तासांचा पगार नको. रात्री ओटा पुसून झाल्यावर घड्याळाकडे पाहून "सुटले बाई मी!" एवढे म्हणता यावे. वाक्य व्याकरणात चोख बसते. घरात बसवायचे तेवढे राहिले आहे.