अम्मीचा नफल रोजा

गेल्या नोव्हेंबरमध्ये आमच्या ह्यूस्टनच्या घरात स्वयंपाकघराच्या टेबलावर मध्य अमेरिकेचा नकाशा अंथरला होता. शेजारी माझी वही. तिच्यात मी अठरा दिवस आणि सहा देश बसवले होते: ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा, कोस्टारिका आणि शेवटी पनामा. सगळा प्रवास गाडीने आणि गाडी चालवणार मी. सोबत ७८ वर्षांचे अब्बा, ७२ वर्षांची अम्मी आणि तिची थोरली बहीण, आमची खाला, वय ७५.

ही कल्पना मुळात अब्बांच्या एका वाक्यातून निघाली. अब्बा रत्नागिरी डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. आंबा घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला असेल, त्यांनाच ठाऊक. एकदा टीव्हीवर ज्वालामुखी पाहताना ते म्हणाले, "तीस वर्षं मी थंड झालेल्या लाव्ह्यावरून गाडी चालवली. गरम असलेला एकदा बघायला पाहिजे." आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा आहे, हे त्यांना कुणा भूगोलाच्या मास्तरांनी प्रवासात सांगितलं होतं. ग्वाटेमालातला फुएगो ज्वालामुखी कित्येकदा दर पंधरा-वीस मिनिटांनी धूर आणि राख उडवतो. ह्यूस्टनहून तिथे विमानाला तीन तास लागतात. मला वाटलं, एवढं जायचंच तर सगळंच बघून येऊ.

मी योजना वाचून दाखवली. तिघंही म्हणाले, "छान आहे." मी खूश झाले. आता लक्षात येतं की, त्या "छान आहे"वर खूश होणं हीच माझी पहिली चूक होती. आपल्या घरातली वडीलधारी माणसं मुलांनी खर्च करून आखलेल्या बेताला नाही म्हणत नाहीत.

चौथ्या दिवसाशी मी थांबले. "या दिवशी जरा लांब आहे, अम्मी. होंडुरासचा तुकडा तसा तीनेक तासांचाच, पण त्याच्या दोन्ही टोकांना सीमा आहे. कागदपत्रं, रांगा धरून नऊ तास तरी जातील."

अम्मी सहज म्हणाली, "मग त्या दिवशी मी नफल रोजा ठेवते. म्हणजे पाण्याचा प्रश्नच नाही."

खाला हसली. मी हसू शकले नाही. मला सप्टेंबरमधली सान अँटोनिओची सहल आठवली. तीन तासांचा प्रवास झाल्यावर अम्मी गाडीतून उतरली आणि तिथेच चक्कर येऊन पडली होती. डॉक्टर म्हणाले, शरीरात पाणी कमी झालंय. आम्ही दोष टेक्सासच्या उन्हाला दिला होता.

"अम्मी, त्या दिवशी तू पाणी प्यायली नव्हतीस?"

ती नकाशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "प्रवासात मी कधीच पीत नाही. सारखं गाडी थांबवा म्हणायचं कसं? तुझे अब्बा एसटीत असताना रस्त्याला बायकांसाठी काय सोय होती? तेव्हापासूनची सवय आहे."

खालाने हळूच मान डोलावली. तीही तेच करत होती, आणि ती तर इन्सुलिन घेते.

अब्बा गप्प होते. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला आपल्या बसमधल्या बायका तहानलेल्या बसून असायच्या, हे बहुधा त्या रात्री पहिल्यांदा समजलं. थोड्या वेळाने त्यांनी माझी वही पुढे ओढली आणि म्हणाले, "हे फाड. पुन्हा बसू. आणि या वेळी तू वाचायचं नाहीस, तू लिहायचं."

दुसऱ्या दिवशी इशानंतर आम्ही मशविऱ्याला बसलो. मी प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारल्या: काय बघायचंय, आणि कशाची भीती वाटते? बघायच्या गोष्टी तिघांच्या मिळून तीनच निघाल्या. अब्बांना ज्वालामुखी. अम्मीला "पाण्याकाठी बसायचंय, पण चढायचं नाही." खालाला तिथल्या बायका भाकरी कशा करतात ते. अठरा दिवसांचा डोलारा मी कुणासाठी उभा केला होता?

भीतीची यादी लांब होती. तिनेच नवीन योजना ठरवली.

पनामा सगळ्यात आधी गेला. पनामाचं नाव भारताच्या पीतज्वराच्या यादीत आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याजवळ लशीचा दाखला नसेल, तर त्याला विलगीकरणात ठेवतात. परतल्यावर चारच दिवसांनी या तिघांचं मुंबईचं विमान होतं. साठीनंतर या लशीच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून निव्वळ फिरण्यासाठी ती घेऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग सीमाच नकोत, असं ठरलं. प्रत्येक सीमेवर उभं राहणं, भाड्याची गाडी दुसऱ्या देशात नेण्यासाठी वेगळी परवानगी काढणं, हे गुडघ्यांना आणि जिवाला परवडणारं नव्हतं. सहा देशांचा एक देश झाला, अठरा दिवसांचे नऊ.

मग अब्बांनी माझ्या हातातलं स्टिअरिंग काढून घेतलं. मला गाडी त्यांनीच शिकवली, म्हणून अंमळ लागलं. ते म्हणाले, "नवीन ड्रायव्हरला आम्ही पहिल्याच दिवशी एकटा घाटात सोडत नव्हतो. तिथलाच माणूस घे. आणि अंधार पडल्यावर चाक फिरता कामा नये." त्यांचं खरं होतं. तिथल्या डोंगरी रस्त्यांवर ट्रक, रंगवलेल्या जुन्या शाळेच्या बस आणि गावोगावचे गतिरोधक यांच्यातून वाट काढायची असते; पावसाळ्यात दरडीही कोसळतात. म्हणून कोरडा हंगाम निवडला, जानेवारी. तेव्हा सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा पाचच्या आत मुक्कामी.

जागाही बदलल्या. मला टिकालची उंच मंदिरं बघायची होती. त्याऐवजी किरिगुआ घेतलं. तिथे माया लोकांनी कोरलेले दगडी स्तंभ सपाट हिरवळीवर उभे आहेत. एक तर पस्तीस फूट उंच. व्हीलचेअर लागली तरी अडचण नाही. अम्मीसाठी आतित्लान सरोवर. अब्बांसाठी अँटिग्वा. गावातले रस्ते ओबडधोबड दगडांचे आहेत, म्हणून गच्ची असलेलं, पण तळमजल्यावर खोल्या देणारं हॉटेल शोधलं. फुएगोच्या जवळ जायचं नाही. ३ जून २०१८ला त्याने पायथ्याची वस्ती गिळली होती. दुरूनच पाहायचा. अँटिग्वा साधारण पंधराशे मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडं उंच, स्वेटर घ्यायचे. खालाचं इन्सुलिन हातातल्या पिशवीत. सामानात टाकलं तर विमानात गोठायची भीती.

नमाजची काळजी अब्बांनी मिटवली. आपण शाफई, प्रवासात जोहर-असर आणि मगरिब-इशा जमा करून, कसर पढायची सवलत आहे. मुक्काम चार दिवसांचा झाला की ती सवलत जाते, म्हणून कुठेच तीन रात्रींहून जास्त नाही. किब्ला तिथून ईशान्येला. "जन्मभर पश्चिमेला तोंड केलं," अम्मी म्हणाली, "आता हेही बघू."

खाण्याचं मी विचारून ठेवलं. तिथल्या काळ्या घेवड्यात बऱ्याचदा मान्तेका, म्हणजे डुकराची चरबी घालतात. प्रत्येक ठिकाणी विचारायचं. मक्याची तोर्तिया मात्र चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची, बिनचरबीची, आणि बायका ती दोन्ही तळहातांवर थापतात. खाला ऐकून म्हणाली, "मग तर तांदळाच्या भाकरीची बहीणच ती."

राहिलं पाणी. मी नव्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलं: दर सव्वा तासाला पेट्रोल पंप. कुणी मागो न मागो, गाडी थांबणारच. मागावं लागू नये, हीच खरी सोय.

निघण्याआधी रंगीत तालीम म्हणून आम्ही गॅल्व्हेस्टनच्या समुद्रावर गेलो. जेमतेम तासाभराचा रस्ता. तिघांच्या हातात पाण्याच्या बाटल्या. अब्बा पुढे, माझ्या शेजारी. पाऊण तास झाला असेल. मागून अम्मीचा आवाज आला, आधी पुटपुटल्यासारखा, मग स्पष्ट.

"बेटा, गाडी थांबव."

मी काही म्हणायच्या आत अब्बांनीच हात करून पुढचा पंप दाखवला. अम्मी उतरून गेली. अब्बा काचेतून तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तीस वर्षांत एकदाही म्हणाली नाही."

परत आल्यावर अम्मीने उरलेली बाटली सगळ्यांसमोर संपवली. इन्शाअल्लाह, बारा जानेवारीला आम्ही निघतोय.