संकष्टी बंद

आमच्या घरात न खाण्याला मान आहे. आईची संकष्टी आणि एकादशी, बायकोचे मार्गशीर्षातले गुरुवार, माझे श्रावणी सोमवार. त्यामुळे लेकीने अकरावीत संकष्टी धरली तेव्हा कौतुकच झालं. मग एकादशी आली, मग मंगळवार, शनिवार. 'एकादशी नि दुप्पट खाशी' हे आमच्याकडे शब्दशः खरं. खिचडी, रताळ्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी. ही मात्र काकडीच्या फोडी आणि लिंबूपाण्यावर दिवस काढायची. बिनउपासाच्या दिवशी पित्त झालेलं असायचं, नाहीतर पोट फुगलेलं.

'जाड होईन' असं ती एकदाही म्हणाली नाही. पुढे मनोविकारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, आपल्याकडच्या बऱ्याच मुली तसं म्हणतच नाहीत. पोटाची तक्रार सांगतात आणि पित्ताच्या गोळ्या खात राहतात. एका लग्नात मावश्यांनी तिला घेरलं, "किती छान बारीक झालीस गं! काय करतेस, आम्हालाही सांग." पोर ऐन मे महिन्यात पंखा बंद करून चादर घेऊन झोपत होती, पाळी थांबली होती, हातांवर मऊ लव उगवली होती; आणि मावश्यांना डाएट हवं होतं.

रक्ताचे रिपोर्ट जवळजवळ चांगले आले. तज्ज्ञ बाईंनी ते बाजूला ठेवले, तिला झोपवून नाडी मोजली, उभं करून पुन्हा मोजली, ईसीजी काढला. नाडी पन्नासच्या खाली. त्याच संध्याकाळी दाखल करावं लागलं. तिचं वजन मी मुद्दाम लिहीत नाही. हा आजार असलेली मुलं असे आकडे वाचतात आणि त्यांच्याशी शर्यत लावतात.

"आता पोटभर खाऊ घाला म्हणजे झालं," आई म्हणाली. तसं नसतं. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की पेशी रक्तातलं फॉस्फेट ओढून घेतात, आणि प्रकरण हृदयावर बेतू शकतं. म्हणून सुरुवातीला मोजूनमापून अन्न आणि रोज रक्ततपासणी. आजाराचं नाव अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. 'हे सगळं मोबाईलमुळे' म्हणणाऱ्या माझ्या भावाला मी ऐकवलं, की लंडनच्या विल्यम गल आणि पॅरिसच्या शार्ल लासेग या डॉक्टरांनी १८७३ मध्येच याचं वर्णन करून ठेवलंय.

मला स्वतःला उलगडा झाला तो मिनेसोटाच्या प्रयोगाने. १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. मनाने ठणठणीत म्हणून निवडलेले हे तरुण पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, ताटातलं चिवडत बसू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. आमची लेक तासन्‌तास केकच्या रेसिपी पाहायची, करून आम्हाला वाढायची आणि स्वतः बोटही लावायची नाही. ज्याला आम्ही तिचा नवा स्वभाव समजत होतो, त्यातलं बरंचसं उपासमारीचं होतं. आधी मन वळवा, मग ती जेवेल, हा क्रम चालणार नव्हता. आधी जेवण.

घरी आल्यावर जेवणाची सूत्रं आमच्या हाती आली. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात आकाराला आलेली ही पद्धत: सुरुवातीला काय नि किती खायचं ते आईबाप ठरवतात, वजन सावरलं की हळूहळू कारभार मुलीच्या हाती देतात, वयाचे बाकीचे प्रश्न त्यानंतर. थेट या आजारावरची गोळी नाही, हे बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आधी मी रजा टाकली, मग बायकोने. दिवसातून सहा वेळा ताट किंवा बशी. पोळीचे नखाएवढे तुकडे व्हायचे, तूप बोटाने निपटून ताटाच्या काठाला लागायचं, भात बाहीत जायचा.

"तूप कुणी घातलं?"

"मी."

"मग मी नाही खाणार."

"बरं. मी बसलोय इथेच."

वाद घालायचा नाही, तुपाचा हिशेब द्यायचा नाही आणि उठायचं नाही. वरणभात गार व्हायचा, गरम होऊन परत यायचा. एकदा ताट भिंतीवर गेलं. बायकोने भिंत तशीच ठेवून दुसरं वाढलं. जेवण झालं की तासभर बाथरूम बंद. त्या वेळात आम्ही इतके पत्ते खेळलो, की बायको आता सत्तेपाणीत कुणालाही हरवते.

अडलं ते संकष्टीवर. "देवाचं आहे, ते तरी नका मोडू," लेक म्हणाली, आणि आमची जीभ टाळ्याला चिकटली. आई देवघरातून उठून आली. "आजाऱ्याला उपास नसतो. गणपतीचं मी बघून घेते," म्हणाली आणि भर दुपारी तिच्या शेजारी पान मांडून बसली. वयात आल्यापासून धरलेली संकष्टी तिने त्या दिवशी सोडली. लेक रागाने रडली. पण आजीला एकटीला जेवू द्यायचं तिला जमेना. त्या वर्षी घरात कुणीच उपास केला नाही.

आता ती कॉलेजात आहे. दुपारचा डबा तीच भरते, रात्री सगळे एकत्र जेवतो. परीक्षा आली की पोळी पुन्हा बारीक मोडली जाते. मग काही दिवस डबा आम्ही भरतो. वजन दवाखान्यातच होतं, काट्याकडे पाठ करून. पुढच्या वर्षी तिला पुण्याला होस्टेलवर जायचंय. बायको तयार आहे, मी नाही. बाई म्हणाल्या, मेसमध्ये तिन्ही वेळा तुझ्याबरोबर कोण बसेल ते सांग, मग बोलू. तिने दोन मैत्रिणींची नावं दिली आहेत. त्यातली एक सोमवार करते, म्हणून मी अडून बसलोय.