आधी विहीर मोज

१४ एप्रिल

चि. ठकूस,



तुझा पाण्याच्या प्रकल्पाचा प्रस्ताव काल रात्री वाचून काढला आणि त्यानंतर डोळा लागला नाही. ‘मामा, इंग्रजी तेवढं तपास आणि अंदाजपत्रकाची बेरीज जुळते का बघ’ एवढंच तू विचारलंस. बेरीज जुळते. इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे. तुझं काम झालं. आता माझं सुरू होतं.

मुखपृष्ठावर डोक्यावर तीन घागरी आणि अंगात घागरा घातलेली बाई कुठून आणलीस? पूर्व पुरंदरात घागरा कोण घालतं गं? ज्या आळीत तू राहतेस तिथल्या एखाद्या मावशीला विचारून तिचा फोटो काढायला पाच मिनिटं लागली असती. हा थट्टेचा विषय नाही. ज्या कंपनीकडे तू पैसे मागतेस तिच्या सीएसआर विभागात बसलेल्या माणसासमोर अशी बाई आठवड्यातून दहा वेळा येत असणार. ती दिसली की तो पुढची पानं कशी चाळतो, हे मी टेबलाच्या या बाजूला बसून पुष्कळदा पाहिलंय.

पण खरा राग आला तो सहाव्या पानावर. ‘ग्रामस्थांमध्ये जलसाक्षरतेचा अभाव आहे.’ ठकू, हे तू लिहिलंस? शिमग्याला मी आलो होतो तेव्हा पारावरच्या त्या म्हाताऱ्यानं कोणती विहीर कोणत्या महिन्यात तळ दाखवते, ओढ्याच्या कुठल्या वळणाला पाणी मुरतं आणि कुठं नुसतं वाहून जातं, सगळं बोटं मोडत सांगितलं होतं. तू शेजारीच बसली होतीस. त्यातलं एक अक्षर या बावीस पानांत नाही. पहिली तीन पानं जागतिक तापमानवाढीवर, पुढची दोन कंपनी कायद्याच्या कलम १३५ वर! नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करण्याचं बंधन त्या लोकांवर २०१४ पासून आहे, त्यांचाच कायदा त्यांना कशाला समजावतेस? तुझ्या संस्थेचा सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक, १२ए आणि ८०जी या करसवलतीच्या नोंदण्या, एवढं एका चौकटीत दे आणि मोकळी हो. गावाचं नाव सातव्या पानावर येतं. ते पहिल्या ओळीत यायला हवं.

आता पाण्याचा हिशेब. ‘प्रकल्पामुळे दरवर्षी १० कोटी लिटर पाणी साठेल’ असं तू ठळक अक्षरांत लिहिलंयस. तुझेच आकडे घेऊन बसलो. नाला ६०० मीटर लांब, ८ मीटर रुंद, २ मीटर खोल. म्हणजे ९,६०० घनमीटर, म्हणजेच ९६ लाख लिटर. दोन्ही सिमेंट बंधाऱ्यांचा फुगवटा धरला तरी एका वेळी सव्वा कोटीच्या पुढं जात नाही. दहा कोटी व्हायला तो नाला एका पावसाळ्यात आठ वेळा काठोकाठ भरून आठ वेळा मुरायला हवा. तुमच्या पर्जन्यछायेत? एखाद्या साली ओढा दोनदाच वाहतो, हे पोरंसोरंही सांगतील. हा आकडा कुणीतरी कधीतरी तपासणार, आणि तेव्हा तुझे बाकीचे खरे आकडेसुद्धा खोटे वाटतील. ‘एका भरण्याला सव्वा कोटी, साधारण पावसात दोन ते तीन भरणी’ असं लिही. छोटा आकडा वाचून कोणी पळून जात नाही.

आणि क्रम उलटा का? पहिल्या वर्षी नाला खोलीकरण आणि बंधारे, डोंगरावरचे सलग समतल चर तिसऱ्या वर्षी. माथा ते पायथा हे कुणी शिकवलं नाही का तुला? वरची माती अडवली नाही तर दोन पावसांत तुझा नाला गाळानं भरेल आणि पुन्हा जेसीबी बोलवावा लागेल. शिवाय हिशेब बघ. हेक्टरभर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. तुझ्या डोंगराच्या ४० हेक्टरांवर पंचवीस मिलिमीटरची एक सर आली की एक कोटी लिटर पाणी पडतं, जवळजवळ तुझ्या अख्ख्या नाल्याइतकं. त्यातलं जेवढं वरच जिरवशील तेवढं खालच्या विहिरींना पोचायची आशा. हे एक वाक्य प्रस्तावात असतं तर तांत्रिक माणूस खुर्चीत सरळ बसला असता. पण त्याच डोंगराचा वरचा पट्टा वनखात्याचा आहे, आणि त्यांच्या परवानगीचं पत्र जोडपत्रांत कुठंच नाही. ते नसेल तर चर कागदावरच राहतील. नाला किती खोल न्यायचा तेही भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाला जागेवर नेऊन ठरव. मुरूम संपून काळा पाषाण लागला की नुसतं खोल जाऊन काय मिळणार?

म्हणून माझं तुला पहिलं सांगणं हेच, की आधी विहीर मोज. गावातल्या वीस-पंचवीस विहिरी निवड, वरच्या, मधल्या, खालच्या. दोरीला दगड बांध, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर वहीत लिही, तारखेसकट. भूजल यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते; तुला निदान मे अखेर आणि ऑक्टोबर तरी जमेल. आज पाणी कुठं आहे हे ठाऊक नसेल तर तीन वर्षांनी ते वर आलं हे कशाच्या बळावर म्हणशील? दहावीतली दोन मुलं हाताशी धर. ती हे काम तुझ्यापेक्षा नीट करतील, आणि ‘जलसाक्षरता’ हवीच असेल तर तीही तिथंच येईल.

लॉगफ्रेमचा, म्हणजे उद्दिष्टांपासून गृहीतकांपर्यंत सगळं मांडणारा, तक्ता सुबक काढलायस. १९६९ मध्ये अमेरिकेच्या यूएसएडसाठी हे तंत्र तयार झालं आणि तेव्हापासून जगभरच्या देणगीदारांनी ते आपल्यासारख्यांच्या गळ्यात बांधलं. मला त्याचा तिटकारा नाही. त्याचा शेवटचा रकाना, गृहीतकांचा, फार प्रामाणिक असतो, आणि सगळे तोच शेवटी, पेंगत भरतात. तू भरलंयस: ‘पाऊस सरासरीइतका पडेल.’ दुष्काळी तालुक्याच्या पाण्याच्या प्रकल्पात! पाऊस सरासरीइतका नेमानं पडत असता तर तुला तिथं जावं कशाला लागलं असतं? तिथं खरं लिही. पाऊस निम्मा झाला तर काय होईल? आणि त्याहून अवघड म्हणजे, पाणी खरंच वाढलं तर काय होईल?

या दुसऱ्या प्रश्नापाशी मी थांबणार आहे, तू कंटाळलीस तरी. पाणी वाढलं की ज्याच्याकडे पैसा आहे तो बोअर घेतो, खोल घेतो, ऊस लावतो, आणि तुझ्या ३८ लाखांच्या प्रकल्पाचं पाणी चार जणांच्या फडात जातं. बंधारा बांधून झाला हे काम झाल्याचं लक्षण. त्याचं पाणी कुणाच्या चुलीपर्यंत आणि कुणाच्या वाफ्यापर्यंत गेलं, हा परिणाम. तुझ्या प्रस्तावात पहिल्याला अकरा पानं आणि दुसऱ्याला साडेतीन ओळी.

आणि तू बसलीयस कुठं? नायगाव तुझ्यापासून किती लांब? १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंख्यांनी तिथं देवस्थानची ४० एकर जमीन कसायला घेतली आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, माणसांच्या मापानं द्यायचं: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही हक्क. ऊस नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी आधी जमा करायचा. आधी नियम, मग पंप! हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या गावानं शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायची सवय लावली. नगरकडच्या इंडो-जर्मन पाणलोटाच्या कामात फादर बाखर यांच्या मंडळींनीही गावाकडून आधी श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मागितली. तुला हे ठाऊक नाही असं नाही. लहानपणी तू नायगावच्या त्या माळावर माझं बोट धरून फिरलीयस. मग प्रस्तावात ‘ग्रामस्थ सहकार्य करतील’ एवढंच का? किती घरं, किती पैसे, किती श्रमदान, बोअरचं काय ठरलं, उसाचं काय, हे लिही. ठरलं नसेल तर ‘ठरलेलं नाही’ असं लिही.

‘चराईबंदी करण्यात येईल’ हेही एका ओळीत उरकलंयस. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन उतरणाऱ्या धनगरांना ते कोण सांगणार, आणि त्यांनी जायचं कुठं? त्यांना कुणी बैठकीला बोलावलं होतं?

त्यावरून ग्रामसभेचा ठराव बघितला. २६ जानेवारीचा, ‘ऐनवेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने’. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. हजेरीवर बायकांच्या सह्या मोजल्या, नऊ. विचारल्यावाचून मुलीच्या लग्नाच्या पत्रिका छापाव्या, तसं झालंय हे. कंपनीला हा कागद पुरेल. तुला पुरू नये.

आता पैशांबद्दल. बेरीज जुळते म्हणालो, पण जेसीबीचा तासाचा दर कुठून आला? जिल्हा दरसूचीतून की ठेकेदाराच्या तोंडून? जीएसटी दरात धरलाय की वेगळा? प्रत्येक ओळीपुढं आधार लिही. देखभालीला शून्य रुपये आहेत. गाळ काय स्वर्गातून येऊन कुणी काढणार आहे? आणि ‘प्रकल्प समन्वयक: मानद’. म्हणजे तू फुकट. कारण म्हणे प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर दाखवता येत नाही. कुणी सांगितलं? २०२१ च्या नियमांतली ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर आहे. प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं, यांचा थेट खर्च त्यात येतच नाही. तुझा पगार, त्या दोन मुलांचं मानधन, मोटरसायकलचं पेट्रोल, लेखापरीक्षण, सगळं उघड दाखव. नाकारायचं असेल तर ते नाकारतील. पण राबणाऱ्या माणसाची किंमत शून्य धरलेला प्रस्ताव मला खोटा वाटतो.

खरं तर रात्री झोप गेली ती या एका ओळीनं. ताईचा फोन आला होता. म्हणाली, पोरगी रात्री दोनला मेसेज पाठवते, जेवली का विचारलं की विषय बदलते. भाडं कोण भरतं तुझं? संस्थेनं गेल्या वर्षापासून पगार थकवलाय हे मला ताईकडून कळावं? तू माणसांना शब्द देऊन बसलीयस, हे मला तुझ्या लिहिण्यावरून दिसतं. ‘मे महिन्यात काम सुरू’ असं तीन ठिकाणी आहे. अगं, समिती बसणार, संचालक मंडळ मंजुरी देणार, करार होणार, पैसा येणार. एवढं सगळं रोहिण्यांच्या आत होतं का? नाही झालं की पारावरची माणसं कंपनीला नाही, तुला विचारतील. कंपनीचा साहेब बदलून जाईल. तुला तिथंच पाणी भरायचंय.

घाई तुला आहे, त्यांना नाही. त्यांचं आर्थिक वर्ष आत्ता सुरू झालंय. घाई त्यांना फेब्रुवारीत होते, आणि तेव्हा ते पैसे घेऊन तुझ्या मागं लागले तर तेव्हाही सावध राहा. चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं मिळू शकतात, नियमातच आहे. मग यंदाचा पावसाळा विहिरी मोजण्यात, वनखात्याचं पत्र आणण्यात आणि गावाचे नियम ठरवण्यात घालव. खोदाई पुढच्या उन्हाळ्यात. तसंच वेळापत्रक मांड. त्यांना पटेल, नाही पटलं तर ती कंपनी तुझ्या कामाची नव्हती.

पहिल्या पानावर फक्त एवढं ठेव: कुठलं गाव, आज काय अडचण आणि तिचं माप काय, काय करणार, किती खर्च, गावाचा हिस्सा किती, कोणाला पाणी मिळणार, आणि तुम्ही निघून गेल्यावर बघणार कोण. मंजुरी देणारे बहुतेकदा तेवढंच वाचतात. उरलेली पानं प्रश्न विचारणाऱ्यांसाठी. बावीसची बारा कर.

आणि माझं एक ऐक. या प्रस्तावाची दोन पानांची मराठी प्रत काढ, आकड्यांसकट, तुझ्या पगारासकट. १ मे ला ग्रामसभा आहे. विषय ऐनवेळचा नको, नोटिशीत घालून घे. आदल्या दिवशी बायकांची वेगळी बैठक घे, वाड्यावस्त्यांवर सांगावा धाड, आणि प्रत मोठ्यानं वाचून दाखव. लोक भांडतील. बोअरवाले उठून जातील. भांडू दे. त्यानंतर जे कागदावर उरेल तोच तुझा प्रस्ताव. कंपनीची मुदत ३० एप्रिलची आहे, तर उद्या फोन करून आठवडाभर मागून घे. कारण खरं सांग. नाहीच दिली, तर या वेळी पाठवू नकोस. गावासमोर वाचता येत नाही तो प्रस्ताव कंपनीकडे जाता कामा नये.

तुझा,
मामा

ता. क. भाड्याचं काय ते मला कळव. ताईला सांगणार नाही.