ईईजीचं यंत्र नको, नकलांचे पैसे द्या

३ जून
फेलोशिपचा अर्ज उघडला. विषयांच्या यादीत जीवशास्त्र, मानसशास्त्र, विधी सगळं आहे, पण निवडता येतो एकच. माझा प्रश्न साधा आहे. पोलीस कोठडीतला माणूस मेंदूच्या चाचणीला ‘हो’ म्हणतो, ते कितपत मनापासून? २०१०च्या सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंगची सक्ती बंद केली. संमतीची वाट मात्र ठेवली. गोम तिथेच आहे. शेवटी जीवशास्त्रावर टिक केली. पैसा तिकडे जास्त.

५ जून
पुण्याचा खटला परत काढला. जून २००८, सत्र न्यायालय, खुनासाठी एका तरुणीला जन्मठेप. इतर पुरावे होते, पण मेंदूची चाचणीही ग्राह्य धरली गेली. डोक्याला इलेक्ट्रोड, डोळे मिटलेले, आणि कानावर ‘मी आर्सेनिक विकत घेतलं’ अशी वाक्यं. आरोपीने काही बोलायचं नाही. गोष्ट तिने स्वतः केली की नुसती ऐकली, ते मेंदूलहरींवरून संगणक ठरवणार! आणि तपासात पोलिसांनी तेच तेच तिच्या कानीकपाळी ओरडलं असेल तर? निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षी या तंत्राला शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची आकलनविज्ञानाची योजनाही २००८चीच. मेंदूवरच्या संशोधनाला पैसा येऊ लागला, तेव्हा मेंदूचा पुरावा कोर्टात पोचलासुद्धा होता.

११ जून
गाइड मॅडम म्हणाल्या, “अगं, बजेटमध्ये एखादं ईईजी टाक. यंत्र दिसलं नाही की समितीला चैन पडत नाही.” मला यंत्र नकोय. कोर्टाच्या कागदांच्या सही-शिक्क्याच्या नकला, एसटीचं भाडं आणि जुन्या फायली वाचू शकणारा मदतनीस, एवढंच हवंय. एक संमतीपत्र पाहायला मिळालं: मजकूर छापील इंग्रजी, खाली थरथरत्या हातची मराठी सही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०००च्या पॉलिग्राफ-सूचनांप्रमाणे संमती दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवायची असते, वकील मिळायला हवा. कागदावर दोघांचाही पत्ता नाही.

२ जुलै
मुलाखत. “यात सायन्स कुठे आहे?” मी २००७मधल्या मॅकआर्थर फाउंडेशनच्या प्रकल्पाचं नाव घेतलं. कायदा आणि मेंदूविज्ञानासाठी एक कोटी डॉलर, न्यायाधीश आणि शास्त्रज्ञ एकत्र. “ते अमेरिकेत,” एक सर म्हणाले. खटला पुण्यातला, हे सांगायच्या आत वेळ संपली.

१९ जुलै
फेलोशिप नाही मिळाली. शेरा: ‘प्रयोगशाळेतील घटक अपुरा’. पुढचा अर्ज विधीखाली. नकलांची फी आज पदरची भरली, सोमवारी बोलावलंय.