विमान आणि आगगाडी यांच्यामधला दिवस

युरोपच्या प्रवासाचा विषय निघाला की आपल्या घरांतून प्रथम देशांची यादी होते. मग सहल कंपनीचे रंगीत पत्रक येते आणि दहा दिवसांत सात देश कसे बसवावेत याचा हिशेब सुरू होतो. या हिशेबात एका दिवसाला मात्र कधीच स्वतंत्र स्थान मिळत नाही. तो म्हणजे विमानातून उतरण्याचा दिवस. पत्रकात तो 'आगमन' या एका शब्दात आटोपतो. परंतु ज्यांच्यासमवेत वृद्ध आई-वडील आहेत आणि ज्यांना पुढची वाट रेल्वेने चालायची आहे, त्यांच्या साऱ्या बेताचे बरेवाईट याच दिवसावर अवलंबून असते.

येत्या मे महिन्यात आम्ही व्हिएन्नाला जाणार आहोत. धाकटी बहीण तेथे राहते. तिला मुलगी झाली असून आई-बाबांनी आपली नात अद्याप फोनच्या पडद्यावरच पाहिली आहे. विमानाने थेट व्हिएन्ना गाठणे हेच सर्वांत सोयीचे, हे आम्हां सर्वांस ठाऊक आहे. पण बाबांची सारी नोकरी मिरजेला रेल्वेत गेली. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तीनही रूळ एके काळी जेथे एकत्र येत, त्या जंक्शनवर आयुष्य काढलेल्या माणसाने परदेशप्रवासासाठी एकच अट घातली : आल्प्स पर्वत आगगाडीने ओलांडायचा. बाबा आता ७६ वर्षांचे आहेत, आई ७१ वर्षांची. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांविषयी डॉक्टरांनी जे सांगितले आहे ते पाहता हा योग पुन्हा येईल असे मानून चालता येत नाही. म्हणून अट मान्य झाली.

मार्ग ठरवणे अवघड नव्हते. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे. ते मध्यरात्रीनंतर निघते आणि सुमारे नऊ तासांनी, तेथील पहाटे, उतरते. झुरिकच्या विमानतळाखालीच रेल्वे स्थानक आहे आणि तेथून शहराचे मुख्य स्थानक दहा-बारा मिनिटांवर. मुख्य स्थानकावरून ऑस्ट्रियन रेल्वेची 'रेलजेट' गाडी दिवसा साधारण दर दोन तासांनी व्हिएन्नाकडे सुटते आणि सुमारे आठ तासांत पोहोचते. कागदावर हे इतके सुरेख जुळते की कोणालाही मोह व्हावा : पहाटे उतरावे, सकाळची गाडी धरावी, संध्याकाळी नातीला मांडीवर घ्यावे. आमच्या आप्तांपैकी बहुतेकांनी हाच सल्ला दिला. झुरिकसारख्या महागड्या शहरात मुक्काम कशासाठी, असाही प्रश्न आला, आणि तो गैर नव्हता.

आमचे उत्तर प्रथम घड्याळाने दिले. पुण्याहून सायंकाळी पाचला निघायचे. मुंबईच्या विमानतळावरची प्रतीक्षा, रात्रीचे उड्डाण, उतरल्यावरच्या रांगा आणि मग आठ तासांची गाडी. हे सर्व भारतीय वेळेत मोजले तर व्हिएन्नाच्या फलाटावर पाय ठेवेपर्यंत जवळजवळ २७ तास होतात, आणि त्यांत अंथरुणावर पाठ टेकण्याचा एकही क्षण नाही. तरुण माणूस हे सोसून नेतो. पण बाबा सोसतीलही आणि नेमके अर्लबर्गच्या घाटात मान टाकून झोपी जातील, ही मला खरी भीती वाटते. ज्या पर्वतासाठी ही वाकडी वाट धरली तो झोपेत निघून गेला, तर नंतर छायाचित्रे दाखवून काय उपयोग?

दुसरे कारण तिकिटांच्या स्वरूपात आहे, आणि ते प्रत्येक कुटुंबाने नीट समजून घ्यावे असे मला वाटते. विमानाचे तिकीट आणि रेल्वेचे तिकीट स्वतंत्रपणे काढले की ते दोन वेगळे करार होतात. युरोपीय संघाच्या नियमांनुसार गाडी एक ते दोन तास उशिरा पोहोचली तर तिकिटाच्या २५ टक्के आणि त्याहून अधिक उशीर झाल्यास ५० टक्के भरपाई, काही अपवाद वगळता, मागता येते. पण तुमचे विमान उशिरा आले म्हणून गाडी चुकली, तर रेल्वेचा त्याच्याशी काही संबंध राहत नाही. आधी काढलेली सवलतीची तिकिटे बहुधा त्याच गाडीपुरती वैध असतात. ती गाडी गेली की पैसेही गेले, आणि ऐनवेळचे तिकीट पूर्ण दराने. विमान कंपनीने रेल्वेचा टप्पा स्वतःच्याच तिकिटात जोडून दिला असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा पुढची सोय तिची जबाबदारी असते. बाबांना हे पटायला वेळ लागला. त्यांच्या काळी जोडगाडीचे प्रवासी यायचे असतील तर पुढची गाडी थांबवून धरीत. "पण विमानासाठी कोणता गार्ड शिट्टी रोखून धरील?" असे शेवटी तेच म्हणाले.

शिवाय उतरल्यानंतरचा वेळ आता पूर्वीसारखा अंदाजता येत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या बाह्य सीमांवर परकीय प्रवाशांचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. रांग कधी वीस मिनिटांची, कधी त्याच्या कित्येक पट. तिच्या भरवशावर गाडी ठरवणे शहाणपणाचे नाही.

तेव्हा झुरिकला एक पूर्ण दिवस आणि एक रात्र, असे ठरले. येथे एक बारकावा आहे. हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीननंतर मिळते आणि आपण तर सकाळी सातला दारात उभे असतो. सामान ठेवून घेतात, पण थकलेल्या वृद्धांना सामानाबरोबर कोपऱ्यात ठेवता येत नाही. आम्ही आदल्या रात्रीचेही भाडे भरून खोली घेतली आहे, आणि पहाटे पोहोचणार असल्याचे हॉटेलला लिहून कळवले आहे. नाहीतर पाहुणे आले नाहीत असे समजून ती दुसऱ्याला दिली जाण्याचा धोका असतो. हा खर्च मी उधळपट्टी मानत नाही. प्रवासातल्या कोणत्याही प्रेक्षणीय स्थळाच्या तिकिटापेक्षा तो मला अधिक आवश्यक वाटतो.

पश्चिमेकडे जाताना शरीर आपल्याला एक सवलत देते, तीही हिशेबात धरली आहे. उन्हाळ्यात मध्य युरोपचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. त्यामुळे पहिल्या एक-दोन रात्री डोळे लवकर मिटतात आणि पहाटे साडेतीन-चारलाच जाग येते. लोक याला त्रास म्हणतात. आमच्या घरी सामायिकासाठी तसेही सर्वजण पहाटे उठतात, त्यामुळे आम्हांस त्याचे वैषम्य नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडायची असेल तर ही जाग उपकारकच. दुपारच्या गाडीत मात्र भारतीय रात्र डोळ्यांवर उतरू लागते, म्हणून ती टाळली.

व्हिसासाठी कोणत्या देशाकडे जावे, याविषयी अनेक घरांत गोंधळ दिसतो. ज्या देशात प्रथम उतरतो त्याच्याकडे अर्ज करावा, असा समज आहे. नियम असा की ज्या शेंगेन देशात मुख्य मुक्काम, म्हणजे सर्वाधिक दिवसांचे वास्तव्य, त्याच्याकडे अर्ज करायचा. दिवस समसमान असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश पाहायचा. आमचे विमान झुरिकला उतरत असले तरी दिवस व्हिएन्नाचे जास्त, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आणि प्रत्येक रात्रीचा निवास दाखवावा लागत असल्यामुळे तो मधला दिवसही कागदावर चोख मांडावा लागतो.

युरेल पासचा मोह आम्ही आवरला. युरोपबाहेरील रहिवाशांसाठी असलेला हा पास अनेक शहरे फिरणाऱ्यांना उत्तम आहे, पण एका मोठ्या गाडीसाठी त्याची किंमत वसूल होत नाही. शिवाय काही गाड्यांत पास असूनही आसनाचे आरक्षण वेगळे घ्यावे लागते. रेलजेटमध्ये आरक्षण सक्तीचे नाही. तरीही आम्ही ते घेतले, कारण खिडकी हवी होती, आणि तीही डावीकडची.

डावीकडचीच का, हे बाबांनी नकाशा पसरून सर्वांना समजावले आहे. झुरिक सोडल्यावर गाडी सरोवराच्या काठाने आग्नेयेस जाते आणि पाणी डाव्या हाताला राहते. पुढे वालेनसे नावाचे दुसरे सरोवर येते. त्याच्या पलीकडे चुरफिर्स्टन पर्वताचे कडे उभे पाण्यात उतरल्यासारखे दिसतात, तेही डावीकडेच. तासाभरानंतर स्विस सीमेवरचे बुक्स स्थानक. तेथे गाडी उलट दिशेने बाहेर पडते, म्हणजे जे पुढे तोंड करून बसले होते ते आता पाठमोरे होतात. हे ऐकल्यावर बाबांना खंडाळ्याजवळचे जुने रिव्हर्सिंग स्टेशन आठवले, जेथे बोरघाटात गाडीचे तोंड फिरवावे लागे. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ चा, अर्लबर्गचा १८८४ चा. आपला घाट एकवीस वर्षांनी वडील आहे, याचा त्यांना कोण आनंद!

बुक्सनंतर काही मिनिटांत गाडी लिख्टेनश्टाइन हा चिमुकला देश न थांबता ओलांडते आणि फेल्डकिर्खला ऑस्ट्रियात शिरते. मग चढण लागते. लांगेन आणि सांक्ट आन्टोन यांच्यामध्ये साडेदहा किलोमीटरांचा अर्लबर्ग बोगदा आहे. त्यातून बाहेर पडून उतरताना त्रिसाना नदीवरचा लोखंडी कमानीचा पूल येतो, पात्रापासून सुमारे ८७ मीटर उंच, आणि त्याला लागून एक किल्ला. या टप्प्यात कोणी झोपायचे नाही, असा घरात ठराव झालेला आहे. इन्सब्रुकनंतर इन नदीची रुंद दरी. कुफस्टाइनच्या पुढे आणखी एक गंमत घडते : ऑस्ट्रियातून ऑस्ट्रियातच जाणारी ही गाडी जवळचा मार्ग म्हणून जर्मनीच्या भूमीवरून न थांबता धावते आणि साल्झबुर्गला पुन्हा स्वदेशी येते. एका तिकिटात चार देश, आणि त्यांतले दोन केवळ खिडकीतून. पासपोर्ट मात्र हाताशी ठेवावा. शेंगेनमुळे नियमित तपासणी नसली तरी अधूनमधून पोलीस डब्यात येतात.

भोजनाचा विचार आपल्याला करावाच लागतो. मे अखेरीस झुरिकला सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वीचे भोजन सहज साधते. दोन्ही शहरांचे घड्याळ एकच असले तरी व्हिएन्ना बरेच पूर्वेला आहे आणि तेथे सूर्यास्त सुमारे अर्धा तास आधी होतो, हे चौविहार पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. डिसेंबरात जाणाऱ्यांची खरी परीक्षा : व्हिएन्नाला चारच्या सुमारासच अंधारते, म्हणजे भोजन गाडीतच उरकावे लागेल. झुरिकच्या मुक्कामात आई हिल्टल उपाहारगृहाची वाट पाहते आहे. १८९८ पासून चाललेले हे जगातील सर्वांत जुने शाकाहारी उपाहारगृह म्हणून गिनेसच्या नोंदीत आहे. या घराण्यातील एक सून पन्नासच्या दशकात दिल्लीला येऊन भारतीय पदार्थांची गोडी घेऊन परतली, तेव्हापासून तेथे आपल्याकडचे पदार्थ मिळतात. कंदमुळांचे विचारून घ्यावे लागेलच. 'ओने त्स्वीबेल, ओने क्नोब्लाउख', म्हणजे कांदा नको, लसूण नको, एवढे जर्मन आईने पाठ केले आहे. बटाट्यासाठीचा शब्द चालू आहे. गाडीसाठी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, खाकरे आणि राजगिऱ्याचे लाडू बरोबर असतील. तूप, पेढे, बर्फी मात्र घरीच राहतील. भारतातून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास तेथे मनाई आहे. नातीसाठी केलेल्या पेढ्यांचा प्रश्न त्यामुळे अवघड झाला होता. आता ते व्हिएन्नाच्या दुधाचेच होतील.

सामानाविषयी आमचा नियम कठोर आहे : जी पेटी स्वतः उचलून डब्यात चढवता येत नाही ती घरी. हमाल मिळत नाहीत आणि मधल्या स्थानकांवर गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते. बाबांसाठी चढण्या-उतरण्याची मदत किमान चोवीस तास आधी कळवल्यास विनामूल्य मिळते. ती मागण्यास ते प्रथम तयार नव्हते. रेल्वेच्या माणसाने रेल्वेची मदत घेण्यात कमीपणा कसला, असे आईने विचारल्यावर अर्ज भरला गेला. स्थानकावर पिवळ्या कागदावर सुटणाऱ्या गाड्या आणि पांढऱ्यावर येणाऱ्या गाड्या लिहिलेल्या असतात. फलाटाचे अ, ब, क असे भाग करून आपला डबा कोठे लागेल तेही दाखवलेले असते. व्हिएन्नात आमची गाडी प्रथम मायडलिंगला थांबेल, पण उतरायचे पुढच्या मुख्य स्थानकावर. बहीण तेथे येणार आहे, मुलीला घेऊन.

तिकिटे आली आहेत. डाव्या बाजूला खिडकीचे आसन एकच मिळाले. बुक्सपर्यंत ते आईने घ्यावे आणि गाडीचे तोंड फिरल्यावर बाबांनी, असे तूर्त ठरले आहे. वालेनसे मग आपल्याला तिच्या खांद्यावरून पाहावे लागेल, ही बाबांची तक्रार अद्याप निकालात निघालेली नाही.