कार्बोरेटर सर्वांत शेवटी

बाबांची राजदूत ३५० ही १९८५ सालची. यामाहाच्या आरडी ३५०वरून एस्कॉर्ट्सने ती १९८३मध्ये भारतात आणली आणि ते दशक संपता संपता तिचं उत्पादन थांबलंही. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, सहा गिअर, दोन सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा कार्बोरेटर. या गाडीची सगळी गोडी आणि सगळी कटकट त्या दोन कार्बोरेटरमध्ये आहे. मूठ एकच, पण तिच्यापासून निघालेली केबल पुढे तीन शाखांत फुटते. दोन शाखा दोन कार्बोरेटरच्या स्लाइड उचलतात, तिसरी ऑईल पंपाला जाते. एक स्लाइड केसभर आधी उचलली गेली, की एक सिलिंडर ओढायला लागतो आणि दुसरा त्याच्यामागे फरफटतो.

बाबांना आता किक मारवत नाही, म्हणून गाडी मी चालवते. गेल्या पावसाळ्यानंतर तिची तक्रार सुरू झाली. कात्रजचा घाट उतरून स्वारगेटच्या सिग्नलला थांबलं, की मूठ पूर्ण सोडूनही रेस खाली येत नसे. इंजिन वरच्या पट्टीत ओरडत राही आणि बऱ्याच वेळाने शांत होई. उजवा सायलेन्सर नेहमीसारखा तेलकट, डावा कोरडा. प्लग काढून पाहिले तर उजवा कॉफीच्या रंगाचा आणि डावा पांढराफटक. म्हणजे डाव्या बाजूला पेट्रोल कमी आणि हवा जास्त, ज्याला गाडीवाले ‘लीन’ म्हणतात.

ही तक्रार अंगावर काढण्यासारखी नव्हती. टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं पेट्रोल नुसतं जळत नाही, ते पिस्टनचा माथा गारही ठेवतं. ते कमी पडलं की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये पकडतो, नाहीतर त्याच्या माथ्याला भोक पडतं. वेगात पिस्टन पकडला तर मागचं चाक त्याच क्षणी जाम होतं. घाटातल्या वळणावर असं झालं तर काय, हे बाबांना मी बोलून दाखवलं नाही, पण त्यांच्या मनातही तेच असणार.

पुण्यात दुचाकी दुरुस्त करणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. कार्बोरेटर समजणारी मात्र कमी होत चालली आहेत. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ मानकं लागू झाली आणि नव्या मोटरसायकलींमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्यानंतर कामाला लागलेली मुलं स्कॅनर जोडून इंजेक्शनचा बिघाड अचूक सांगतात, आणि त्यांचं ते कसब मोठंच आहे. पण फ्लोटची उंची मोजायचा प्रसंग त्यांच्यावर आलेलाच नसतो.

आधी मी जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणाऱ्या एका मोठ्या गॅरेजमध्ये गेले. फरशी लख्ख, पाने भिंतीवर ओळीने टांगलेले, माणसं अतिशय अदबशीर. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि परदेशातून कार्बोरेटरचा नवा जोड मागवायचा अंदाज लिहून हातात दिला. गाडी सुरू करून मात्र कुणी पाहिली नाही. डाव्या बाजूला हवा जास्त का होतेय, हा प्रश्नच तिथे निघाला नाही, त्यामुळे नव्या जोडाने तो सुटेल याची खात्री मला कुठून मिळणार?

दुसरं दुकान कानाने ट्यूनिंग करण्यासाठी नावाजलेलं. तिथल्या मिस्त्रींनी गाडी उभ्या उभ्याच सुरू केली, डाव्या कार्बोरेटरचा एअर स्क्रू आत घेतला आणि आयडलिंग खरंच सुधारलं. जुन्या मिस्त्रींच्या कानाबद्दल मला आदर आहे. पण उभ्या गाडीत कानाला ऐकू येतं ते फक्त आयडलिंग. मूठ बंद असते तेव्हा पायलट जेट आणि एअर स्क्रू यांचं राज्य असतं. मूठ पाव ते पाऊण उघडेपर्यंत स्लाइडला लटकलेली नीडल ठरवते किती पेट्रोल जायचं. त्याच्या पुढे मेन जेट. घाट चढताना जो भाग पिस्टनला वाचवतो, त्याला एअर स्क्रूचा स्पर्शही होत नाही. शिवाय डावीकडे कुठून तरी चोरून हवा शिरत असेल, तर स्क्रू आत घेऊन पेट्रोल वाढवणं म्हणजे दुखणं तसंच ठेवून फक्त त्याचा आवाज बंद करणं.

मग त्यांनी कार्बोरेटर खोलून जेट साफ करायला खिशातून बारीक तार काढली, तेव्हा मी काम थांबवलं आणि झालेल्या वेळेचे पैसे देऊन गाडी बाहेर काढली. जेट पितळेचं असतं आणि त्याच्या मापाचा आकडा त्यावर कोरलेला असतो. तार घातली की भोक ओरखडतं, मोठं होतं आणि तो आकडा खोटा ठरतो. एका कार्बोरेटरचा आकडा खोटा झाला की दोन्ही बाजू जुळवायची आशा सोडावी लागते.

यानंतर मी गॅरेज शोधायचं थांबवून नाना पेठेत गेले. तिथल्या सुट्या भागांच्या दुकानदारांना शहरातल्या प्रत्येक मिस्त्रीची सवय ठाऊक असते. मी त्यांना ‘चांगला मिस्त्री कोण’ असं विचारलंच नाही, कारण त्याचं उत्तर ओळखीवर जातं. मी विचारलं, टू-स्ट्रोक गाड्यांसाठी कार्बोरेटरचे किट कमी आणि ऑईल सील, गॅस्केट जास्त कोण नेतं? वेगवेगळ्या दुकानांतून भवानी पेठेतल्या एकाच गल्लीचा पत्ता मिळाला. एक दुकानदार तर म्हणाले, “ते चाचा जेट घेतात तेव्हा भिंगाखाली बघून घेतात. डुप्लिकेट असलं की परत.”

चाचांचं दुकान म्हणजे एक शटर आणि बाहेर एक लाकडी बाक. मी गाडी स्टँडवर लावली, पण त्यांनी हात लावला नाही. आधी प्रश्न विचारले. “रेस गार गाडीला अडकते की तापल्यावर? पावसात किती दिवस उभी होती? टाकी भरलेली होती की रिकामी? ऑईल आधीइतकंच लागतं की कमी-जास्त?” तापल्यावर जास्त अडकते म्हटल्यावर त्यांनी डाव्या बाजूच्या गोल झाकणाकडे पाहिलं, पण बोलले काहीच नाहीत. “कार्ब सगळ्यांत शेवटी बघू, बेटा. आधी बाकीचं खरं आहे का ते बघू.”

त्याच क्षणी मी ठरवलं की गाडी इथेच ठेवायची.

त्यांनी दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, ते जवळजवळ सारखं निघालं. प्लगच्या जागी डायल गेज बसवून दोन्ही पॉइंटचं टायमिंग वेगवेगळं पाहिलं. मॅनिफोल्डचं रबर वाकवून चिरा शोधल्या. मग कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून चारही तोंडं रबरी बुचांनी बंद केली आणि एका बुचातून डॉक्टरांच्या रक्तदाबाच्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ जोडलं. फुगा दाबला, काटा वर गेला आणि आमच्या डोळ्यांदेखत खाली यायला लागला. डावीकडचं झाकण उघडून क्रँकच्या टोकाशी साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे आले. डावं क्रँक सील गेलं होतं. इंजिन तिथून बाहेरची हवा ओढत होतं आणि ती हवा कुठल्याच कार्बोरेटरमधून मोजून येत नव्हती. रबर आणखी सैल होत असल्याने इंजिन तापलं की हवा वाढत असे. परदेशी जोड बसवला असता तरी डावा प्लग पांढराच राहिला असता.

इंजिन उतरवून दोन्ही बाजूंची सीलं बदलली. त्यानंतर कार्बोरेटरची पाळी आली. जेट तारेने नाही, हवेच्या दाबाने साफ केली. दोन्हीकडच्या फ्लोटची उंची मोजून सारखी केली. स्लाइड जुळवताना त्यांनी एकाच मापाच्या दोन ड्रिलच्या दांड्या दोन्ही स्लाइडखाली अडकवल्या आणि मला मूठ अगदी हळू पिळायला सांगितलं. दोन्ही दांड्या एकाच क्षणी सैल होईपर्यंत केबलीचे अ‍ॅडजस्टर फिरत राहिले. मग ऑईल पंपाच्या चकतीवरची खूण जुळवली. ही पायरी घाईत राहून जाते आणि पिस्टन गमावल्यावर आठवते.

नीडलच्या क्लिपबद्दल आमची बरीच चर्चा झाली. कंपनीने ठरवलेलं घर १९८०च्या दशकातल्या पेट्रोलसाठी होतं. आज पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. म्हणजे तेच जेट, तीच नीडल ठेवली तर गाडी आपोआप लीनकडे सरकते. चाचांनी क्लिप एक घर खाली घेतली, त्यामुळे नीडल वर आली. मेन जेटही दोन्हीकडे एक माप मोठं घातलं. “हे आकडे आज बरोबर आहेत,” ते म्हणाले, “पेट्रोल बदललं की पुन्हा बघावे लागतील.” हे जितक्या मोकळेपणाने त्यांनी सांगितलं, तितक्या मोकळेपणाने सांगणारं दुकान मला आधी भेटलं नव्हतं.

शेवटची परीक्षा दुकानात झाली नाही. सकाळी लवकर आम्ही दिवे घाटात गेलो, चाचा त्यांच्या भाच्याच्या गाडीवर. तापलेल्या गाडीने चढावर मूठ पूर्ण उघडून ओढायचं, मग एकाच वेळी क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि कडेला थांबून प्लग काढायचे. शहरातून रखडत आलेल्या गाडीचा प्लग आयडलिंगचा रंग दाखवतो, मेन जेटचा नाही. इथे दोन्ही प्लग एकाच तपकिरी छटेचे निघाले. मूठ सोडल्यावर रेस लगेच खाली आली.

बिलात सील, गॅस्केट, इंजिन उतरवण्याची मजुरी आणि दोन मेन जेटांची किंमत वेगवेगळी लिहिलेली होती. ट्यूनिंगचा आकडा सगळ्यांत लहान. मागच्या बाजूला त्यांनी फ्लोटची उंची, जेटची मापं, क्लिपचं घर आणि एअर स्क्रूचे फेरे डावीकडचे आणि उजवीकडचे वेगळे लिहून दिले. पुढे दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी गेली, तर त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.

आता जुन्या आरडीवाले, येझदीवाले मला पत्ता विचारतात. चाचांच्या परवानगीने मी तो देते आणि त्यांची अटही सांगते: गाडी सकाळी गार असताना आणा, येण्याआधी प्लग साफ करू नका आणि जुनी जेट घरात पडलेली असतील तर सोबत घेऊन या.