कागजीपुऱ्याचा कागद आणि तेलाचा हात

पूर्वीच्या औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, वेरूळची लेणी पाहावयास निघालेला प्रवासी दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबतो, आणि पुढे एकदम खुलदाबादेत उतरतो. मध्ये घाट चढून गेल्यावर रस्त्यालगत एक लहानसे गाव लागते. तिकडे फारसे कोणी पाहत नाही. गावाचे नाव कागजीपुरा. वाचकहो, आपण कधी ह्या वाटेने गेलात, तर येथे अर्धा तास अवश्य मोडा. लेणी कोठे पळून जात नाहीत.

महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी दौलताबादेस आणली, तिच्याबरोबर कागद करणारे कारागीरही आले, अशी येथील परंपरा सांगते. राजधानी परत गेली. कागजी मात्र राहिले. दफ्तर आले की कागद आलाच! मराठेशाहीतील पत्रव्यवहारात जुन्नरी कागदाप्रमाणे दौलताबादी कागदालाही मान होता. त्या काळचे रुमाल आजही पुण्याच्या दफ्तरखान्यात उलगडून वाचता येतात. पुढच्या काळातला गिरणीचा कागद मात्र पन्नास वर्षांत पिवळा पडून बोटांखाली मोडतो.

जुनी रीत मोठी कष्टाची होती. चिंध्या, गोणपाट, रद्दी कागद चुन्याच्या पाण्यात मुरवावयाचे, कुटावयाचे, धुवावयाचे, आणि पुन्हा कुटावयाचे. मग तो लगदा हौदातील पाण्यात कालवून कारागीर काठाशी बसे. गवताच्या काड्यांची विणलेली जाळी, जिला छापरी म्हणत, ती चौकटीवर पसरून पाण्यात बुडवावयाची, आणि अलगद हलवीत वर उचलावयाची. पाणी गळून जाई, तंतूंचा पातळ थर जाळीवर राही. तो सारखा बसणे हे सर्वस्वी मनगटावर अवलंबून. ओले ताव दाबून पाणी काढीत, गिलावा केलेल्या भिंतीवर चिकटवून वाळवीत, खळ देत, आणि गुळगुळीत दगडाने घोटीत. घोटल्यावाचून बोरूची शाई फुटते.

गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हा धंदा टिकणे कठीणच होते. १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याने हातकागदास पुन्हा हात दिला. १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. तरीही कागजीपुऱ्यात आज हे काम फार थोड्या हातांत उरले आहे. लिहिण्यासाठी हा कागद आता कोण घेणार? तो टिकावयाचा, तर त्याला घरात दुसरे काही काम मिळाले पाहिजे. असे एक काम आम्ही सुचवितो: आकाशकंदील.

कागद पांढरा दिसतो तो तंतूंमधील हवेमुळे. तंतूंतून हवेत आणि हवेतून तंतूंत जाताना प्रकाश पावलोपावली विखुरतो. त्या पोकळ्यांत तेल भरले की हा अडथळा बराच कमी होतो. कारण हवेचा वक्रीभवनांक १, तंतूंचा सुमारे १.५, आणि जवसाच्या तेलाचा सुमारे १.४८. भजी ठेवलेल्या कागदावर जो डाग उजेडाकडे धरल्यावर चमकतो, तेच हे शास्त्र.

मात्र तेल निवडून घ्यावे. खोबरेल वा शेंगतेल कधीच सुकत नाही. कागद चिकट राहतो व पुढे खवट वास मारतो. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. करडईचेही सुकते, पण फार सावकाश. रंगाच्या दुकानात उकळलेले जवसाचे तेल मिळते, ते सर्वांत बरे.

कागद पातळ, न घोटलेला आणि शक्य तर खळ न दिलेला मागून घ्या. घोटलेल्या कागदात तेल डागाडागाने शिरते. चित्र किंवा नक्षी काढावयाची ती आधी पक्क्या शाईने काढावी, कारण तेलावर पाण्याचे रंग ठरत नाहीत. त्याच कारणाने कागद कामट्यांच्या सांगाड्यावर खळीने आधी चिकटवावा, पुरता वाळू द्यावा, आणि मगच कापसाच्या बोळ्याने तेलाचा हलका हात फिरवावा. तेल लावून मग चिकटवू गेल्यास खळ धरत नाही, आणि ऐन दिवाळीत कंदिलाची पाकळी सुटते. पंधरा मिनिटांनी वरचे तेल कोरड्या फडक्याने टिपून घ्या. मग कंदील सावलीत, वाऱ्यावर टांगा. कच्च्या तेलाला आठवडा, कधी अधिकही लागतो. तेव्हा हे काम वसुबारसेवर ठेवू नये.

मुलांच्या हाती हे काम देण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते. तेलाचे बोळे व फडकी चुरगळून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती अंगणात मोकळी पसरून वाळवावीत, अथवा पाण्यात बुडवून मग फेकावीत. आणि ह्या कंदिलात पणती वा मेणबत्ती मुळीच ठेवू नये. विजेचा लहान, न तापणारा दिवा टांगावा. तेल दिलेला कागद मधाच्या रंगाचा दिसतो, आणि छापरीच्या काड्यांच्या बारीक रेघा, ज्या कोऱ्या तावावर जवळजवळ दिसत नाहीत, त्या आतल्या उजेडाने एकेक मोजता येतात.